माणसांवर विसंबलेला सेनापती

मुंबईतला ग्रँट रोड आणि भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज यांची नावं सर रॉबर्ट ग्रँट या इंग्रज गव्हर्नरावरून पडली. हे गव्हर्नरसाहेब १८३८ मध्ये दापोडीला वारले. त्यांचा युलिसिस ग्रँटशी काडीचाही संबंध नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हा दुसरा ग्रँटही मुंबईत येऊन गेला आहे. अमेरिकेचं अध्यक्षपद सोडून जेमतेम दोन वर्षं होत आली होती. जगाच्या सफरीवर निघालेला हा माणूस फेब्रुवारी १८७९ मध्ये बायकोसह मुंबई बंदरात उतरला आणि मलबार पॉइंटच्या सरकारी बंगल्यात पाहुणा म्हणून राहिला.

मुंबईने त्याला पाहिलं ते तेव्हा. त्याच्या हातचा तडाखा मात्र तिने चौदा वर्षं आधीच खाल्ला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्या पैशाने मुंबईचं डोकं फिरलं. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. बॅक बेचा समुद्र बुजवायला निघालेल्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. मग एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने ग्रँटपुढे शस्त्रं ठेवली. युद्ध संपल्याची बातमी आली तसा कापसाचा भाव गडगडला आणि १ जुलैला वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. या सगळ्या खेळाचा राजा प्रेमचंद रायचंद. त्याने भरभराटीच्या दिवसांत आईच्या नावाने मनोऱ्यासाठी देणगी देऊन ठेवली होती, तो राजाबाई टॉवर १८७८ च्या अखेरीस पुरा झाला. काही महिन्यांनी ग्रँटची बोट बंदराला लागली.

पुढे पाच वर्षांनी शेअर बाजाराच्याच एका लबाडीत ग्रँट स्वतः धुऊन निघाला. त्याकडे नंतर येऊ. आधी हा माणूस कोण, ते पाहायला हवं.

त्याचा जन्म २७ एप्रिल १८२२ चा, ओहायो नदीकाठच्या पॉइंट प्लेझंट या वस्तीतला. बाप जेसी कातडी कमावण्याचा धंदा करायचा. बोलका, महत्त्वाकांक्षी, मुलाची फुशारकी मारणारा. आई हॅना अबोल. मुलगा आईवर गेला. कातड्याचा वास आणि रक्त याची त्याला इतकी शिसारी होती की मोठेपणी तो मांस करपेपर्यंत भाजून घ्यायचा. ताटात लाल रस दिसला तर जेवण संपलं. लाखो माणसांच्या लढाया लढलेल्या सेनापतीबद्दल हे वाचताना चमत्कारिक वाटतं, पण त्याच्याबद्दलच्या बऱ्याच गोष्टी अशाच आहेत.

घोडे मात्र त्याचा जीव की प्राण. आठेक वर्षांचा असताना शेजारच्या शेतकऱ्याचं एक शिंगरू त्याला हवं होतं. बापाने पढवून पाठवलं: आधी वीस डॉलर सांग, नाही म्हणाला तर साडेबावीस, तरीही नाही म्हणाला तर पंचवीस. पोराने जाऊन शेतकऱ्याला हा सगळा हिशेब जसाच्या तसा ऐकवला. शेतकऱ्याने किती घेतले असतील हे सांगायला नको. गावातल्या पोरांनी त्याला त्यावरून पुष्कळ छळलं. ही गोष्ट ग्रँटने म्हातारपणी स्वतःच लिहून ठेवली आहे. माझ्या मते त्याच्या चरित्राची किल्ली इथेच आहे: समोरच्या माणसाच्या मनात आपल्याहून वेगळं काही असेल, हे त्याला आयुष्यभर आधी सुचत नसे.

सतराव्या वर्षी बापाने परस्पर खटपट करून त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात घातलं. शिफारस करणाऱ्या खासदाराने नाव लिहिताना घोटाळा केला आणि हायरम युलिसिसचा युलिसिस एस. झाला, तो कायमचाच. या ‘एस’चा विस्तार काहीच नव्हता. कवायतीत त्याचं मन रमत नसे. तो कादंबऱ्या वाचायचा, चित्रं बरी काढायचा आणि दुसऱ्या कुणाला न आवरणाऱ्या घोड्यावरून उंच अडथळे पार करायचा. १८४३ मध्ये ३९ जणांच्या तुकडीत एकविसावा आला. एवढा पट्टीचा स्वार, पण त्याला घोडदळ मिळालं नाही. नेमणूक झाली पायदळात.

मेक्सिकोवरच्या युद्धात (१८४६–४८) तो रसद सांभाळणारा अधिकारी होता. खेचरं, पीठ, तंबू, ओझी. शूर तरुणांना हे काम अपमानाचं वाटतं आणि त्यालाही वाटलंच. पण फौज पोटावर चालते म्हणजे नेमकी कशी चालते, हे तो इथे शिकला. मेक्सिको शहराच्या वेशीवर त्याने एक छोटी तोफ चर्चच्या घंटाघरात चढवली आणि तिथून शत्रूच्या फळीवर मारा केला, तेव्हा वरिष्ठांच्या तोंडी त्याचं नाव आलं. त्याच्यावर जास्त परिणाम झाला तो सेनापती झाखरी टेलरचा. टेलर शेतकऱ्यासारखा जुना कोट घालून घोड्यावर एका अंगाला बसून लढाई पाहायचा, हुकूम दोन ओळींत लिहायचा. हा टेलरही पुढे १८४९ मध्ये अध्यक्ष झाला आणि वर्षसव्वावर्षात पदावरच वारला. ग्रँटने त्याचा साधेपणा जन्मभर उचलला. त्या युद्धाबद्दलचं मत मात्र त्याने लपवलं नाही: बलाढ्य देशाने दुबळ्या देशावर लादलेल्या लढायांमध्ये याच्याइतकी अन्यायाची क्वचितच झाली असेल, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला.

सेंट लुईजवळ छावणी असताना वर्गमित्राची बहीण ज्यूलिया डेंट त्याला भेटली. तिचा बाप गुलाम बाळगणारा जमीनदार, ग्रँटचा बाप गुलामगिरीचा कट्टर विरोधक. १८४८ च्या लग्नाला ग्रँटच्या घरचं कुणी आलं नाही. नवराबायकोचं मात्र सदतीस वर्षं उत्तम जमलं. बायको जवळ नसली की तो बिघडायचा, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

तसंच झालं. १८५२ मध्ये पलटण कॅलिफोर्नियाला निघाली, पनामाच्या जंगलातून. वाटेत पटकी लागली, सैनिक आणि त्यांची बायकापोरं पटापट मेली; रसदेचा अधिकारी म्हणून आजाऱ्यांना पार न्यायची जबाबदारी ग्रँटवर पडली आणि ती त्याने नीट निभावली. पण पुढे पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओसाड ठाण्यांत दोन वर्षं, बायको दूर, धाकट्या मुलाला पाहिलेलंही नाही. तो पिऊ लागला. त्याला दारू सोसत नसे, थोडक्यात चढायची. १८५४ मध्ये त्याने कॅप्टनपदाचा राजीनामा दिला. दारूमुळे द्यायला लावला, अशी बोलवा लष्करात पसरली आणि ती त्याला आयुष्यभर चिकटून राहिली.

मग सात वर्षं नुसती ओढाताण. सासऱ्याच्या जमिनीवर स्वतःच्या हाताने लाकडाच्या ओंडक्यांचं घर बांधलं, शेती केली, बाजार कोसळला. सेंट लुईच्या रस्त्यांवर फौजी कोट घालून तो सरपण विकायचा. १८५७ च्या नाताळात घरात काही आणायला सोन्याचं घड्याळ गहाण टाकलं, २२ डॉलर मिळाले. आणि याच काळातली १८५९ ची एक गोष्ट: सासऱ्याकडून त्याच्या मालकीचा झालेला विल्यम जोन्स नावाचा गुलाम त्याने कोर्टात जाऊन मुक्त केला. विकला असता तर वर्षभराची चिंता मिटली असती. त्यावर त्याने कुठे भाषण केलं नाही, पुढे आठवणींतही लिहिलं नाही. कोर्टाचा कागद आहे म्हणून कळतं. अखेर १८६० मध्ये इलिनॉयमधल्या गलीना गावी बापाच्या चामड्याच्या दुकानात, धाकट्या भावांच्या हाताखाली, तो कारकुनी करू लागला. वय ३८.

वर्षभराने युद्ध सुरू झालं. नव्या पलटणींना कवायत शिकवणारं माणूस हवं होतं म्हणून इलिनॉयच्या गव्हर्नरने एक बेशिस्त रेजिमेंट त्याच्या हवाली केली. मिसूरीत हॅरिस नावाच्या शत्रूच्या कर्नलवर पहिल्यांदा चालून जाताना ग्रँटच्या घशाशी प्राण आला होता. मागे फिरावंसं वाटत होतं, पण तसं सांगायचं धैर्यही नव्हतं. टेकडी चढून पाहतो तर तळ रिकामा. हॅरिस आधीच पळाला होता. त्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला त्याची जितकी भीती वाटत होती तितकीच त्याला आपली वाटत होती. त्यानंतर लढाईआधी काळजी वाटली तरी शत्रूची धास्ती कधी वाटली नाही, असं तो सांगतो. उत्तरेचे बाकीचे सेनापती चार वर्षं ली काय करील याचा विचार करत बसले. ग्रँट स्वतः काय करायचं याचा विचार करायचा. फरक एवढाच, पण तो फार मोठा होता.

फेब्रुवारी १८६२ मध्ये त्याने टेनेसीत फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन हे दोन किल्ले दहा दिवसांत घेतले. डोनेल्सनच्या किल्लेदाराने अटी विचारल्या तेव्हा, बिनशर्त शरण या, दुसरी अट नाही, एवढंच उत्तर गेलं. ते मिळालं सायमन बकनर याला. हा जुना दोस्त; १८५४ मध्ये राजीनामा देऊन परतणारा ग्रँट न्यूयॉर्कला कफल्लक अडकला होता तेव्हा याच बकनरने त्याच्या हॉटेलच्या बिलाची हमी घेतली होती. शरणागतीनंतर ग्रँटने त्याला बाजूला घेऊन, पैशाची अडचण असेल तर माझी थैली तुझी, असं सांगितलं. वर्तमानपत्रांत त्याचं तोंडात सिगार धरलेलं वर्णन आलं आणि देशभरातून लोकांनी हजारो सिगार पाठवून दिल्या. तोवर तो मुख्यतः पाइप ओढायचा. फुकट आलेल्या सिगारांची सवय लागली ती सुटली नाही आणि तिनेच शेवटी जीव घेतला.

शायलोच्या लढाईत (६ आणि ७ एप्रिल १८६२) तो बेसावध सापडला, पहिल्या दिवशी नदीपर्यंत रेटला गेला, दुसऱ्या दिवशी मैदान परत घेतलं. दोन्ही बाजूंचे मिळून २३ हजारांवर मेले, जखमी वा बेपत्ता झाले. अमेरिकेने तोवर असं काही पाहिलंच नव्हतं. तिथून ‘कसाई’ आणि ‘दारुडा’ ही दोन विशेषणं त्याच्या नावाला जोडली गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने एक हुकूम काढला, ज्याची कसलीही सफाई देता येत नाही: कापसाच्या चोरट्या व्यापाराचा राग त्याने सरसकट ज्यूंवर काढला आणि त्यांना आपल्या हद्दीतून हाकलायला सांगितलं. अध्यक्ष लिंकनने काही आठवड्यांत तो रद्द करायला लावला. ग्रँटला त्याची पुढे लाज वाटत राहिली. अध्यक्ष झाल्यावर त्याने अनेक ज्यूंना सरकारी पदांवर नेमलं आणि १८७६ मध्ये वॉशिंग्टनच्या एका सिनेगॉगच्या उद्घाटनाला तो जातीने हजर राहिला.

त्याचं लष्करी डोकं पाहायचं तर व्हिक्सबर्ग पाहावं. मिसिसिपी नदीच्या वळणावर उंच कड्यांवर हे शहर, वर तोफा, उत्तरेला दलदल. हिवाळाभर ग्रँटने कालवे खणून पाहिले, पाणवाटा काढून पाहिल्या, एकही जमलं नाही. मग १६ एप्रिल १८६३ च्या रात्री अॅडमिरल पोर्टरच्या बोटी तोफांच्या माऱ्याखालून थेट खाली निघून गेल्या, फौज पश्चिम काठाने चालत गेली आणि ३० एप्रिलला शहराच्या दक्षिणेला नदी ओलांडून उतरली. आता मागे नदी, पुढे शत्रू, रसदेचा रस्ता लांब आणि कच्चा. शर्मन, त्याचा सगळ्यात जवळचा सहकारी, या बेताच्या विरोधात होता आणि त्याने तसं लेखी कळवलंही. ग्रँटने ते बाजूला ठेवलं. दारूगोळा बरोबर घ्यायचा, खाणं मुलखातून गोळा करायचं, असं ठरवून तो आत शिरला. सतरा दिवसांत पाच लढाया मारल्या. शत्रूच्या दोन फौजांच्या मध्ये घुसून त्यांना एकत्र येऊ दिलं नाही. नंतरचे दोन हल्ले फसले, तेव्हा वेढा घालून बसला. शहरातले लोक तोफगोळ्यांपासून वाचायला टेकड्यांत गुहा खणून राहिले, खेचरांचं मांस खाल्लं. ४ जुलैला २९ हजारांहून अधिक सैन्य शरण आलं, मिसिसिपी मोकळी झाली आणि दक्षिणेचे दोन तुकडे पडले. आपण विरोध केला होता हे शर्मननेच लोकांना मोकळेपणी सांगितलं. ग्रँटने त्याचं पत्र कधी बाहेर काढलं नाही. हाताखालच्या माणसावर एकदा भरवसा टाकला की पूर्ण टाकायचा, मधे लुडबुड नाही, चुकला तर चारचौघांत पाणउतारा नाही. शर्मन, शेरिडन, मॅकफर्सन यांच्यासारखी माणसं त्याच्याकडे फुलली ती यामुळे. त्याचे लेखी हुकूम दोनदा वाचावे लागत नसत.

मार्च १८६४ मध्ये लिंकनने त्याला सगळ्या फौजांचा सरसेनापती केलं. वॉशिंग्टनच्या हॉटेलात आपल्या मुलासह शिरलेल्या या मळक्या माणसाला कारकुनाने ओळखलं नाही म्हणतात. नोंदवहीत त्याने लिहिलं, यू. एस. ग्रँट आणि मुलगा, गलीना. मे महिन्यात व्हर्जिनियाच्या जंगलात लीशी पहिली झुंज झाली. झाडी पेटली, जखमी जळून मेले, हानी उत्तरेचीच जास्त. आधीचा प्रत्येक सेनापती अशा माराने मागे परतला होता. फौज रात्री चौफुलीवर आली तेव्हा सैनिकांना वाटलं, आताही उत्तरेकडेच वळायचं. ग्रँटचा घोडा दक्षिणेला वळला. दमलेल्या, रक्ताळलेल्या शिपायांनी जयघोष केला. दीड महिन्यात उत्तरेची सुमारे ५५ हजार माणसं कामी आली किंवा जायबंदी झाली. कोल्ड हार्बरचा ३ जूनचा हल्ला तर करायलाच नको होता, हे त्याने पुढे स्वतः कबूल केलं. ‘कसाई’ ही शिवी मात्र मला पटत नाही. लीने आपल्या फौजेच्या मानाने माणसं त्याच्याइतकीच, बऱ्याचदा जास्तच, गमावली. ग्रँटजवळ माणसं जास्त होती हे खरंच, पण ती त्याच्या आधीचा सेनापती मॅक्लेलन याच्याजवळही होती.

९ एप्रिल १८६५. व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्स या खेड्यात विल्मर मॅक्लीनच्या दिवाणखान्यात दोघे भेटले. या मॅक्लीनचं जुनं घर मनॅससला होतं, तिथे १८६१ ची पहिली मोठी लढाई झाली. युद्धापासून लांब म्हणून तो इथे राहायला आला होता. ली नव्या कोऱ्या गणवेशात, कमरेला उंची तलवार. ग्रँट साध्या शिपायाच्या कोटात, बूट चिखलाने माखलेले, तलवार नाही. दोघे थोडा वेळ मेक्सिकोच्या दिवसांबद्दल बोलत राहिले आणि मूळ विषयाची आठवण लीलाच करून द्यावी लागली. ग्रँटने बसल्या बैठकीत अटी लिहिल्या: शस्त्रं द्या, पुन्हा लढणार नाही असं वचन द्या, घरी जा, वचन पाळाल तोवर सरकार तुम्हाला हात लावणार नाही. अधिकाऱ्यांच्या तलवारी त्यांच्याकडेच राहू दिल्या. आमच्याकडे साध्या स्वारांचेही घोडे त्यांचे स्वतःचे असतात, असं ली म्हणाला, तेव्हा पेरणीचे दिवस आहेत, ज्याचं जनावर त्याने न्यावं, असं ग्रँटने सांगितलं. लीच्या उपाशी सैनिकांसाठी २५ हजार शिधे रवाना केले. पक्की प्रत लिहिली ती त्याच्या कचेरीतल्या ईली पार्करने. हा सेनेका जमातीचा, अमेरिकेचा मूळ रहिवासी. बाहेर विजयाच्या तोफा सुरू झाल्या त्या ग्रँटने बंद करायला लावल्या.

पाच दिवसांनी लिंकनने ग्रँट जोडप्याला नाटकाला बोलावलं होतं. मुलांना भेटायचं म्हणून ते न्यू जर्सीला निघून गेले. त्याच रात्री लिंकनचा खून झाला. नवा अध्यक्ष जॉन्सन लीवर राजद्रोहाचा खटला भरायला निघाला, तेव्हा, मी शब्द दिला आहे, तो मोडणार असाल तर राजीनामा घ्या, असं ग्रँटने बजावलं. खटला बारगळला.

१८६८ मध्ये तो अध्यक्षपदी निवडून आला. वय ४६, तोवरचा सगळ्यात तरुण अध्यक्ष. राजकारणाचा अनुभव शून्य. आता इथे इतिहास दोन वाटांनी जातो आणि बराच काळ एकच वाट सांगितली गेली.

न सांगितलेली वाट अशी. १८७० मध्ये पंधरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली: वर्णावरून कुणाचा मताधिकार नाकारता येणार नाही. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स हा पहिला काळा सिनेटर वॉशिंग्टनला आला. दक्षिणेत या सगळ्याला उत्तर म्हणून कू क्लक्स क्लॅन हा गोऱ्यांचा गुप्त गट रात्रीचे खून, फटके, जाळपोळ करत हिंडत होता. मतदानाला जाणारे काळे लोक आणि त्यांना शिकवणारे शिक्षक हे त्याचं लक्ष्य. ग्रँटने नवं न्याय खातं काढलं आणि त्यावर जॉर्जियाचा एमस एकरमन नेमला, जो एकेकाळी दक्षिणेच्याच फौजेत होता. १८७१ च्या कायद्याने क्लॅनविरुद्ध लष्कर वापरायची मुभा मिळाली. ऑक्टोबरात साउथ कॅरोलिनाच्या नऊ जिल्ह्यांत अटकेविरुद्धची कायदेशीर दाद स्थगित करून सैनिकांनी शेकडो लोक पकडले. निम्म्याअधिक काळे असलेल्या ज्यूरींपुढे खटले चालले, शिक्षा झाल्या. वर्षभरात क्लॅनचं कंबरडं मोडलं, पुन्हा डोकं वर काढायला त्याला चाळीस वर्षं लागली. मात्र याच एकरमनचा राजीनामा ग्रँटने १८७१ सरायच्या आत मागून घेतला. रेल्वे कंपन्या त्याच्यावर नाराज होत्या.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये पुण्यात ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली, तेव्हा त्या देशाचा अध्यक्ष ग्रँट होता. त्याच वर्षीच्या ईस्टरला लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने डझनावारी काळ्यांना, शरण आल्यानंतरही, मारलं. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये आरोपींची सुटका केली आणि केंद्राचे हात बांधून टाकले. १८७३ मध्येच बँका कोसळून मंदी आली. उत्तरेचा मतदार काळ्यांच्या हक्कांना कंटाळला. १८७५ मध्ये मिसिसिपीत पुन्हा दहशत माजली, गव्हर्नरने फौज मागितली आणि या वेळी ग्रँटने पाठवली नाही. व्हिक्सबर्ग मारणारा माणूस इथे मागे वळला, असंच म्हणावं लागतं. मूळ रहिवाशांच्या बाबतीतही तेच. ईली पार्करला त्यांच्या खात्याचा प्रमुख नेमून, शांततेच्या धोरणाची घोषणा करून सुरुवात झाली. पण ब्लॅक हिल्समध्ये सोनं सापडल्यावर लकोटा जमातीशी झालेला १८६८ चा करार वाऱ्यावर सुटला आणि १८७६ मध्ये त्यांच्यावर युद्ध लादलं गेलं.

दुसरी, नेहमी सांगितली जाणारी वाट भ्रष्टाचाराची. १८६९ मध्ये जे गुल्ड आणि जिम फिस्क यांनी सोन्याचा बाजार मुठीत घ्यायचा घाट घातला आणि त्यासाठी ग्रँटच्या मेहुण्याला हाताशी धरलं. उशिरा का होईना ग्रँटच्या लक्षात आलं, सरकारी सोनं बाजारात सोडून त्याने डाव उधळला, पण त्यात पुष्कळ लोक बुडाले. युद्धमंत्री बेलनॅप लाच खाताना सापडला. सगळ्यात वाईट प्रकरण दारूच्या करचोरीचं, १८७५ चं. दारू गाळणारे आणि सरकारी अधिकारी संगनमताने कर बुडवत होते. एकही गुन्हेगार सुटता कामा नये, असं ग्रँटने सुरुवातीला फर्मावलं. मग धागा त्याचा खासगी सचिव ऑरव्हिल बॅबकॉक याच्यापर्यंत आला. बॅबकॉक म्हणजे व्हिक्सबर्गपासूनचा सोबती. अध्यक्षाने त्याच्या बाजूने साक्ष लिहून दिली आणि तो सुटला. ग्रँटने स्वतः एक पैसा खाल्ला नाही, यावर त्याचे शत्रूही फारसे वाद घालत नाहीत. पण रणांगणावर माणूस खोटा असेल तर संध्याकाळपर्यंत कळतं. वॉशिंग्टनमध्ये आठ वर्षंही पुरत नाहीत. ज्या गुणाने त्याला शर्मन मिळवून दिला त्याच गुणाने बॅबकॉकही.

पद सोडल्यावर अडीच वर्षांची जगप्रदक्षिणा झाली. विंडसरला व्हिक्टोरिया राणी, बर्लिनला बिस्मार्क, मग इजिप्त, मुंबई, जयपूर, आग्रा, कलकत्ता, पुढे चीन आणि जपान. जयपूरला महाराजा रामसिंगांबरोबर तो बिलियर्ड्स खेळला आणि आमेरला हत्तीवरून गेला. १८८० मध्ये मित्रांनी त्याला तिसऱ्यांदा उभं करायचा घाट घातला. मतदानाच्या ३६ फेऱ्यांनंतर पक्षाने गारफिल्डला निवडलं.

आता ती शेअर बाजाराची लबाडी. फर्डिनंड वॉर्ड नावाचा एक हुशार तरुण ग्रँटच्या मुलाचा भागीदार होता. ‘ग्रँट अँड वॉर्ड’ ही पेढी सरकारी कंत्राटांच्या नावाखाली भरमसाट व्याज देत होती. कंत्राटं नव्हतीच; नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांना व्याज, एवढाच धंदा. ग्रँटने घरचं सगळं त्यात टाकलं होतं आणि हिशेबाची वही एकदाही उघडली नव्हती. ४ मे १८८४ ला, रविवारी, वॉर्डने सांगितलं की एका दिवसापुरते दीड लाख डॉलर हवेत. ग्रँट कुबडी टेकत धनाढ्य विल्यम व्हँडरबिल्टकडे गेला आणि ते वैयक्तिक कर्ज म्हणून घेऊन आला. मंगळवारी पेढी बुडाली. त्या दिवशी त्याच्या खिशात ८० डॉलर होते, ज्यूलियाजवळ १३०. व्हँडरबिल्ट कर्ज सोडून द्यायला तयार होता, पण ग्रँटने ऐकलं नाही; तलवारी, पदकं, राजेमहाराजांच्या भेटी सगळं त्याच्या नावे करून दिलं.

त्याच उन्हाळ्यात पीच खाताना घशात कळ उठली. कर्करोग. बायकोच्या हाती काहीच राहणार नव्हतं. ‘सेंचुरी’ मासिकाने युद्धावर लेख मागितले होते, त्यासाठी त्याने शायलोवर लिहून दिलं ते अगदी सरकारी अहवालासारखं कोरडं. संपादकाने त्याला नुसतं बोलतं केलं आणि मग, आत्ता बोललात तसंच लिहा, असं सुचवलं. हात सुटला. पुढे आठवणींचं पुस्तक लिहायचं ठरलं, त्याला मासिकवाले नेहमीचे दहा टक्के द्यायला तयार होते. मार्क ट्वेनला हे कळल्यावर तो भडकला आणि आपल्या प्रकाशन कंपनीतर्फे निव्वळ नफ्याचे सत्तर टक्के देऊ केले. आधी शब्द दुसऱ्याला गेलाय म्हणून ग्रँट अडून बसला होता. त्याला समजवावं लागलं.

वर्षभरात, घशाला कोकेन लावून, रोज थोडं थोडं करत, अडीच लाखांहून जास्त शब्द झाले. काही स्वतः लिहिले, काही सांगितले. जून १८८५ मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या उत्तरेला माउंट मॅक्ग्रेगरच्या बंगल्यात हलवलं. आवाज गेला, तेव्हा तो चिठ्ठ्यांवर बोलू लागला. एका चिठ्ठीत डॉक्टरांना कळवलं की मी सर्वनाम नसून क्रियापद असावं: असणं, करणं, सोसणं, तिन्ही चाललंय. जुलैत म्हातारा बकनर भेटून गेला. पुस्तक संपल्यावर काही दिवसांतच, २३ जुलैला, ग्रँट गेला. ट्वेनच्या हजारो विक्रेत्यांनी, त्यात बरेच जुने शिपाई, दारोदार जाऊन तीन लाखांहून अधिक संच खपवले. ज्यूलियाला पहिला चेक मिळाला दोन लाख डॉलरचा. एकूण चार लाखांवर गेले. अंत्ययात्रेत शर्मन आणि शेरिडन होते, तसे दक्षिणेचे जॉन्स्टन आणि बकनरही.

आठवणींच्या त्या दोन खंडांत अध्यक्षपदाची आठ वर्षं नाहीत. गोष्ट १८६५ ला थांबते. राहिलेली जागा दुसऱ्यांनी भरली. न्यूयॉर्कमध्ये हडसनच्या काठी ग्रँटची भव्य समाधी १८९७ मध्ये खुली झाली. त्याच वर्षी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर कोलंबिया विद्यापीठ राहायला आलं. तिथे प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी युद्धोत्तर काळाचा जो इतिहास लिहिला त्यात काळ्यांना मत देणं हीच मोठी चूक, क्लॅन म्हणजे समजण्याजोगी प्रतिक्रिया आणि ग्रँट म्हणजे चोरांनी वेढलेला बावळट. दोन पिढ्या अमेरिकन मुलं हेच शिकली. १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी त्याच्या उलट मांडणी केली, तिच्याकडे विद्यापीठांनी पंचवीस-तीस वर्षं दुर्लक्ष केलं. मग काळ्यांच्या हक्कांची चळवळ उभी राहिली आणि एकरमनच्या खात्याची दप्तरं पुन्हा उघडली गेली. सी-स्पॅन ही वाहिनी इतिहासकारांकडून अध्यक्षांची क्रमवारी लावून घेते. तीत २००० मध्ये ग्रँट ३३वा होता, २०२१ मध्ये २०वा.